विंगवरची विंड रेंज कशी ठरते आणि ती स्वतःसाठी कशी काढावी

विंग फॉइलिंग म्हणजे हातात फुगवलेली विंग धरून, वाऱ्याच्या ओढीवर, बोर्डाखाली पाण्यात असलेल्या पंखाच्या (फॉइलच्या) आधाराने पाण्यावरून उचललेल्या बोर्डावर तरंगत जाणे. त्यासाठी विंग निवडताना आकारांच्या तक्त्यात प्रत्येक मापासमोर वाऱ्याच्या वेगाचे दोन आकडे, म्हणजेच विंड रेंज, दिसतात, उदाहरणार्थ ‘५ चौ. मी. : १२ ते २५ नॉट’. हे आकडे पोत्यावरच्या वजनासारखे आहेत, म्हणजे कोणीही मोजले तरी तेच भरतील, असे समजून बरेच जण विंग घेतात. पुढे १२ नॉट वाऱ्यात बोर्ड पाणी सोडत नाही किंवा २३ नॉटांतच विंग हातातून निसटू लागते, तेव्हा विंगमध्ये दोष आहे असे त्यांना वाटते. वास्तविक विंगची रेंज मोजण्याची सर्वांना बंधनकारक असलेली एकच पद्धत अस्तित्वात नाही. प्रत्येक उत्पादक एक रायडर, एक फॉइल आणि वारा मोजण्याची एक रीत मनाशी धरतो आणि त्या गृहीतकांवर आकडे छापतो. गृहीतके मात्र बहुधा छापली जात नाहीत. ती शोधून काढून त्यांच्या जागी स्वतःची परिस्थिती ठेवली, तरच तो तक्ता उपयोगी पडतो. हे काम पायरीपायरीने कसे करावे, ते या लेखात मांडले आहे.

आधी दोन आकडे एकमेकांपासून वेगळे करा

‘१२ ते २५’ असे एका दमात वाचले की ती एकाच मोजमापाची दोन टोके आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात हे दोन आकडे दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. खालच्या आकड्यामागचा प्रश्न असा असतो, की बोर्ड पाण्यावरून उचलला जाईल इतका वेग ही विंग किती वाऱ्यात मिळवून देईल? वरच्या आकड्यामागचा प्रश्न असा, की किती वाऱ्यापर्यंत ही विंग आपला आकार टिकवील आणि रायडरच्या ताब्यात राहील? पहिल्यात बळ मिळवायचे असते, तर दुसऱ्यात नको असलेले बळ सोडून द्यायचे असते. त्यामुळे खालचा आकडा मुख्यतः क्षेत्रफळ, कापडाच्या वक्राची खोली, रायडरचे वजन आणि फॉइल यांवर ठरतो, आणि वरचा आकडा विंगच्या बांधणीवर व हाताळणीवर. दोन कंपन्यांच्या ५ चौ. मी.च्या विंगांचा खालचा आकडा जवळपास सारखा असूनही वरच्यात पाच-सहा नॉटांचा फरक दिसतो, त्याचे कारण हेच.

पहिली पायरी : वाऱ्याच्या बळाचा हिशेब

आकडे कोणीही छापलेले असोत, त्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. हवेच्या घनतेचा निम्मा भाग, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग, विंगचे क्षेत्रफळ आणि विंगच्या आकारावर व कोनावर अवलंबून असणारा एक गुणांक, या चारांचा गुणाकार म्हणजे विंगवरचे बळ. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलो असते आणि १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, अर्थात सेकंदाला सुमारे ०.५१ मीटर.

हिशेब सोपा राहावा म्हणून गुणांक १ धरू आणि ५ चौ. मी.ची विंग घेऊ. १० नॉट वाऱ्यात तिच्यावर सुमारे ८ किलो वजनाइतकी ओढ येते, १५ नॉटांत सुमारे साडेअठरा किलो, २० नॉटांत ३३ किलो, २५ नॉटांत सुमारे ५२ किलो आणि ३० नॉटांत ७४ किलो. वारा तिप्पट झाला की ओढ नऊपट होते. विंड रेंजविषयीचे बहुतेक गैरसमज या वर्गाच्या नात्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

‘१२ ते २५’ या रेंजचा अर्थ आता पुन्हा पाहू. २५ ला १२ ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग केला तर सुमारे ४.३ येतो. म्हणजे खालच्या टोकाला विंग ज्या कोनात धरून जेमतेम उठता येते, त्याच कोनात ती वरच्या टोकाला धरली तर चौपटीहून जास्त ओढ बसेल. मागचा हात सैल सोडून आणि विंगचा कोन कमी करून रायडरला ही जादा ओढ टाकून द्यावी लागते. विंग हे किती सहजपणे करू देते, त्यावर रेंजची रुंदी ठरते. म्हणून कोणताही तक्ता हाती आला की मी आधी हा भागाकार करून त्याचा वर्ग काढतो. उत्तर तीन ते साडेचारच्या आसपास असेल तर ठीक. सहाच्या पुढे गेले तर खालचा आकडा अतिशय कुशल रायडरचा आणि वरचा आकडा विंग केवळ हातात धरून ठेवता आली एवढ्याचा असावा, असे मी धरून चालतो.

एक सूक्ष्म गोष्ट येथेच लक्षात घ्यावी. छापलेला आकडा खऱ्या वाऱ्याचा असतो, पण विंगला लागतो तो भासमान वारा, म्हणजे खरा वारा आणि बोर्डाच्या स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारा वारा यांची दिशा लक्षात घेऊन केलेली बेरीज. खरा वारा १२ नॉट असताना त्याला काटकोनात १२ नॉट वेगाने जाणाऱ्या रायडरच्या विंगला सुमारे १७ नॉट वारा लागतो. त्यामुळे एकदा बोर्ड उचलला गेला की उठायला लागला होता त्यापेक्षा कमी वाऱ्यातही तो तरंगत ठेवता येतो. खालची मर्यादा अशी दुहेरी असते, एक उठण्याची आणि एक टिकण्याची. कोणती छापली आहे हे तक्ता सांगत नाही. दिलेला आकडा फारच कमी वाटला, तर तो टिकण्याचा असण्याची शक्यता मनात ठेवावी.

दुसरी पायरी : खालची मर्यादा आणि तिच्यात लपलेले फॉइल

बोर्ड कधी उचलला जाईल हे सर्वस्वी फॉइलच्या हाती असते. विंगने फक्त तेवढा वेग मिळवून द्यायचा. पाण्यालाही तेच सूत्र लागू होते, फक्त हवेऐवजी समुद्राच्या पाण्याची घनता घ्यायची, म्हणजे दर घनमीटरला सुमारे १०२५ किलो. ७५ किलोचा रायडर आणि बोर्ड, फॉइल, विंग, सूट मिळून १५ किलो असे एकूण ९० किलो वजन धरू, आणि उचलीचा गुणांक ०.८ मानू. १५०० चौ. सेंमी.च्या पुढच्या फॉइलला हे वजन उचलण्यासाठी सुमारे साडेसात नॉट वेग लागतो. १००० चौ. सेंमी.च्या फॉइलला ९ नॉट लागतात आणि ७०० चौ. सेंमी.च्या फॉइलला जवळपास ११ नॉट. विंग तीच, रायडर तोच आणि वाराही तोच. तरी मोठ्या फॉइलवर तो सहज उठेल आणि छोट्या फॉइलवर पाण्यातच घसटत राहील.

बोर्डाचा वाटाही यात कमी नसतो. उचलला जाण्यापूर्वी बोर्डाला स्वतःची लाट ओलांडावी लागते. आखूड आणि रुंद बोर्ड या क्षणी पाणी ढकलत बसतो. लांब आणि अरुंद बोर्ड त्यातून लवकर सुटतो. तक्त्यातला खालचा आकडा काढताना उत्पादकाने यांपैकी कोणता बोर्ड वापरला, यावर एखादा नॉट सहज इकडेतिकडे होतो.

आणि मग पंपिंग. विंग हवेत जोराने ओढून आणि पायांनी बोर्ड दाबून-सोडून काही क्षणांपुरता जादा वेग मिळवण्याची ही कला. चांगले पंपिंग येणारा आणि न येणारा यांच्या खालच्या मर्यादेत दोन-तीन नॉटांचा फरक सहज पडतो. चाचणी घेणारे रायडर बहुधा यात तरबेज असतात. त्यामुळे नवशिक्याने छापलेला खालचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. निदान पहिल्या हंगामात त्यात तीन नॉट मिळवावेत, असा माझा ठाम सल्ला आहे.

तिसरी पायरी : वरची मर्यादा, जिथे विंगची खरी पारख होते

वारा वाढत गेला की विंग कोणत्या तरी एका ठिकाणी हार मानते. ते ठिकाण कोणते, हे शोधणे म्हणजेच वरची मर्यादा ठरवणे.

पहिला दुबळा दुवा म्हणजे पुढची फुगवलेली नळी. विंगवरची ओढ टोकांना मागे खेचते आणि ही नळी धनुष्यासारखी वाकू पाहते. फुगवलेली नळी सुरकुती न पडता किती वाकण सोसेल, हे आतल्या दाबाशी आणि त्रिज्येच्या घनाशी सम प्रमाणात असते. या नियमाचा अर्थ आकड्यांत पाहण्यासारखा आहे. दाब ६ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) ८ पीएसआयवर नेला तर नळीची ताकद एक तृतीयांशाने वाढते. नळीची त्रिज्या १० सेंमी.वरून ११ सेंमी. केली, तरी ताकद तेवढीच वाढते. म्हणजे दाबात दोन पीएसआयची वाढ करून जे मिळते, ते त्रिज्या एका सेंटिमीटरने वाढवूनही मिळते. मग नळी जाडच का करू नये? जाड नळी हवेला जास्त अडवते, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला चढून जाणे अवघड होते आणि हलक्या वाऱ्यातली कामगिरीही मंदावते. अलीकडच्या काही विंगांमध्ये कमी ताणल्या जाणाऱ्या महागड्या कापडाची नळी असते, ती या कोंडीतून सुटण्यासाठीच. असे कापड जास्त दाब सोसते, म्हणून बारीक नळीतही ताठपणा मिळतो.

हे जवळून पाहायचे असेल तर जोरदार झोत येताना मधल्या नळीच्या सांध्याकडे पाहावे. पुढची नळी आणि मधली नळी जिथे एकत्र शिवलेल्या असतात, तिथून एक-दोन हातांवर, पुढच्या नळीच्या आतल्या बाजूला एक बारीक आडवी घडी उमटते आणि झोत ओसरताच नाहीशी होते. तिथे कापडाला झालेली इजा ही घडी दाखवत नाही. त्या दाबाला नळीची क्षमता संपली, एवढेच ती सांगते. घडी दिसू लागली की टोके मागे जातात, कापड सैल पडून खोल होते आणि नेमकी ओढ कमी व्हायला हवी तेव्हाच ती वाढते. विंगची वरची मर्यादा याच क्षणी ओलांडली जाते, मग रायडरचे हात कितीही मजबूत असोत.

दाबाबाबतची आणखी एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. उन्हात ३५ अंशांवर विंग ८ पीएसआयपर्यंत फुगवली आणि २० अंशांच्या पाण्यात नेली, तर आतली हवा थंड होऊन दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो. नळीच्या ताकदीतला आठवा हिस्सा यातच जातो. विंगवर लिहिलेल्या कमाल दाबापुढे कधीही जाऊ नये, पण पाण्यात उतरण्यापूर्वी विंग ओली करून, पाच मिनिटे थांबून, दाब पुन्हा तपासून पूर्ववत करावा. ही चार-पाच मिनिटे वाचवणारे रायडर त्या दिवशी आपल्या विंगची वरची मर्यादा स्वतःच खाली आणत असतात.

दुसरा दुवा कापडाचा. खोल वक्र असलेली विंग हलक्या वाऱ्यात जोरदार ओढते, पण वारा वाढला की वक्राचा सर्वांत खोल भाग मागे सरकतो. रायडरला हे मागच्या हातात कळते. त्या हातावरचा भार एकाएकी वाढतो आणि विंग पुढे जाण्याऐवजी बाजूला खेचू लागते. सपाट आणि ताणून शिवलेली विंग याच्या उलट वागते. हलक्या वाऱ्यात ती आळशी वाटते आणि जोराच्या वाऱ्यात शांत राहते. म्हणून एकच विंग दोन्ही टोकांना उत्तम असल्याचा दावा वाचला, की या वक्राविषयी काय म्हटले आहे ते मी आधी शोधतो. टोकांना थोडा पीळ खाऊ देणारी रचना असेल, तर झोत आला की टोके आपोआप उघडतात आणि जादा वारा सोडून देतात. त्यामुळे वरची मर्यादा खालच्या मर्यादेला फारसा धक्का न लावता वाढते. मागच्या कडेचा फडफडाट हीसुद्धा एक खूण आहे. अधूनमधून होणारी फडफड चालते, पण ती सतत गुणगुणल्यासारखी ऐकू येऊ लागली तर कापड ताण सोसण्याच्या पलीकडे गेले आहे आणि शिवणीही झिजत आहेत असे समजावे.

तिसरा दुवा म्हणजे विंग सोडून दिल्यावरचे तिचे वागणे. लाटेवरून उतरताना रायडर पुढच्या दांडीला एका हाताने धरून विंग मोकळी सोडतो. वाऱ्यात ती पताकेसारखी शांत तरंगली तर वरची मर्यादा अजून दूर आहे. ती डावी-उजवीकडे झेपावू लागली किंवा उलटू पाहू लागली, तर ओढ अजून सोसण्यासारखी असली तरी ती विंग त्या वाऱ्यात वापरण्याजोगी उरलेली नसते.

चौथा दुवा मानवी आहे. मनगटे आणि दंड किती वेळ टिकतील? कापडी मुठींऐवजी कडक दांडी असेल तर ताबा नेमका राहतो. कमरेचा हार्नेस लावला तर ओढ हातांऐवजी कमरेवर येते आणि वापरण्याजोगी वरची मर्यादा काही नॉट वर सरकते. मात्र हार्नेसमुळे विंग बदलत नाही. नळीला घडी पडायची ती त्याच वाऱ्यात पडते.

चौथी पायरी : पाण्यावरची चाचणी आणि छापील आकडा

संगणकावरच्या आराखड्यातून बळाचा आणि नळीच्या ताठपणाचा अंदाज येतो, पण अंतिम आकडा पाण्यावर ठरतो. नमुना-विंग घेऊन वेगवेगळ्या वजनांचे रायडर वेगवेगळ्या वाऱ्यांत उतरतात, शक्यतो शेजारी जुनी किंवा दुसऱ्या मापाची विंग ठेवून. वाऱ्याचा आकडा दर मिनिटाला बदलत असतो, म्हणून एकट्या विंगची चाचणी फसवी ठरते. एकाच झोतात दोन विंगा शेजारी असतील तर फरक लगेच दिसतो. सरासरी रायडर म्हणून तक्त्यात बहुधा ७५ ते ८० किलोचा, मध्यम कौशल्याचा माणूस धरलेला असतो.

यानंतर सर्व मापांचे आकडे एका मालिकेत बसवले जातात आणि येथेच वाचकाला एक उपयुक्त पडताळणी करता येते. बळ सारखे ठेवायचे तर वाऱ्याचा वेग गुणिले क्षेत्रफळाचे वर्गमूळ हा गुणाकार सर्व मापांना जवळपास सारखा यायला हवा. समजा, एखाद्या तक्त्यात खालचे आकडे असे आहेत : ६ चौ. मी.ला १० नॉट, ५ ला १२, ४ ला १५ आणि ३ ला १८. गुणाकार अनुक्रमे साडेचोवीस, २७, ३० आणि ३१ येतात. माप लहान होईल तसा गुणाकार वाढतो, म्हणजे निव्वळ हिशेबाने ४ चौ. मी.ची विंग साडेतेरा नॉटांत चालायला हवी होती, तरी तक्ता १५ म्हणतो. यात लबाडी नाही. लहान विंगेत नळीचा अडथळा क्षेत्रफळाच्या मानाने जास्त असतो, शिवाय जोराच्या वाऱ्यात पाणी खवळलेले असते आणि लोक छोटे फॉइल लावतात. अशी हळूहळू चढत जाणारी मालिका प्रामाणिक चाचणीची खूण मानायला हरकत नाही. गुणाकार मध्येच उडी मारत असेल, तर त्या मापाचा आकडा विक्रीच्या सोयीसाठी गोल केलेला असण्याची शक्यता जास्त.

पाचवी पायरी : वारा नेमका कोणता मोजला?

हवामान अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा आणि साधारणतः १० मिनिटांच्या सरासरीचा असतो. जागतिक हवामान संघटनेची शिफारस तशी आहे. झोताचा वेग मात्र ३ सेकंदांच्या सरासरीवर धरतात. विंग पाण्यापासून दीड-दोन मीटरवर असते. मोकळ्या पाण्यावर १० मीटरवर १५ नॉट असलेला वारा २ मीटरवर सुमारे साडेबारा नॉटच भरतो. म्हणजे अंदाजात १५ वाचून आणि हातातल्या मीटरवर साडेबारा पाहून दोघेजण वाद घालत असतील, तर दोघेही बरोबर असू शकतात. तक्त्यातला आकडा कोणत्या उंचीचा आहे हे बहुधा लिहिलेले नसते, म्हणून स्वतःची नोंद ठेवताना एकच रीत कायम ठेवणे महत्त्वाचे.

झोतांचा विचार निराळा करावा लागतो. सरासरी १५ आणि झोत २५ नॉट असतील, तर झोतात ओढ २.८ पट होते. वरचा आकडा नेहमी झोताशी ताडून पाहावा, सरासरीशी नाही. खालचा आकडा सरासरीशी ताडावा, कारण उठायला एक झोत मिळाला तरी पुढे टिकायला सरासरीच उपयोगी पडते.

हवेच्या तापमानाचाही थोडा वाटा आहे. शून्य अंशाला हवेची घनता १.२९ असते आणि ३० अंशांना १.१६. गोठवणाऱ्या थंडीतला २० नॉट वारा उन्हाळ्यातल्या २१ नॉटांइतका ओढतो. समुद्रसपाटीपासून २००० मीटर उंचीवरच्या तलावात हा फरक उलट्या बाजूने आणि जास्त जाणवतो. तिथे २० नॉटांचे बळ मिळवायला सुमारे २२ नॉट लागतात.

सहावी पायरी : छापील आकडा स्वतःच्या वजनाला लावणे

कृती अशी. आपले एकूण वजन, म्हणजे शरीर अधिक साधारण १५ किलो सामान, तक्त्यातल्या रायडरच्या एकूण वजनाने भागावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याने तक्त्यातला आकडा गुणावा. तक्ता ७५ किलोसाठी असेल आणि आपण ९५ किलोचे असाल, तर ११० भागिले ९० म्हणजे १.२२, त्याचे वर्गमूळ सुमारे १.१. बारा नॉटांचे १३.३ झाले. साठ किलोच्या रायडरला हाच गुणक ०.९१ येतो आणि १२ चे ११ होतात.

वरच्या आकड्याला मात्र हे सरसकट लावू नये. हलक्या रायडरने वरचा आकडा पूर्ण गुणकाने कमी करावा, म्हणजे २५ चे सुमारे २३ करावेत, कारण जादा ओढ थोपवायला त्याच्याकडे वजनच नसते. जड रायडरने २५ चे साडेसत्तावीस करण्याचा मोह टाळावा. त्याचे वजन ओढ सोसेल, पण नळी आणि कापड वजन पाहत नाहीत. विंगची मर्यादा बांधणीमुळे आली असेल, तर ती सर्वांना सारखीच लागू होते.

सातवी पायरी : स्वतःची रेंज मोजणे

यासाठी वाऱ्याचा एक साधा हातमीटर, पंपाचा दाबमापक आणि एक वही पुरते. पाण्यात उतरण्यापूर्वी वारा जिकडून येतो तिकडे आडोसा नसलेल्या जागी उभे राहून, मीटर डोक्यावर हात ताणून धरावा आणि १० मिनिटांतली सरासरी, सर्वांत मोठा झोत व सर्वांत मंद क्षण असे तीन आकडे लिहावेत. सोबत विंगचे माप, नळीचा दाब, पुढच्या फॉइलचे क्षेत्रफळ आणि बोर्ड यांचीही नोंद करावी. ज्या दिवशी यांपैकी दोन गोष्टी बदलल्या असतील, त्या दिवसाची नोंद तुलनेत धरू नये.

खालच्या टोकासाठी दहा वेळा उठण्याचा प्रयत्न करावा आणि किती वेळा बोर्ड पाणी सोडतो ते मोजावे, पंपिंगशिवाय वेगळे आणि पंपिंगसह वेगळे. दहांपैकी आठ वेळा उठता आले असा जो सर्वांत कमी वारा, ती आपली खालची मर्यादा. एखाद्या भाग्यवान झोतात उठलो तो आकडा नोंदीतून वगळावा.

वरच्या टोकाची चाचणी धीराने आणि सावधपणे घ्यावी. वारा किनाऱ्याकडे किंवा किनाऱ्याला समांतर असावा. किनाऱ्यावरून आत समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात ही चाचणी कधीही करू नये. विंग आणि बोर्ड दोन्हींच्या दोऱ्या बांधलेल्या असाव्यात आणि काठावरून लक्ष ठेवणारे कोणीतरी असावे. मग १० मिनिटे सरळ मार्गावर जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : नळीला घडी पडते का, विंग मोकळी सोडली तर शांत राहते का, आणि मनगटांची पकड शेवटपर्यंत टिकते का. जी गोष्ट आधी बिघडेल ती वाऱ्याच्या आकड्यासह लिहून ठेवावी. नळी आधी हरली तर पुढच्या वेळी दाब तपासावा. हात आधी हरले तर हार्नेस किंवा एक माप लहान विंग हा उपाय. विंग मोकळी सोडल्यावर झेपावत असेल तर त्या विंगेसाठी तोच वरचा आकडा पक्का मानावा, कारण रायडरने यावर करण्यासारखे फारसे काही नसते.

पंधरा-वीस नोंदी झाल्या की आपल्या विंगांच्या रेंज एकमेकींवर किती चढतात ते दिसू लागते. मोठ्या विंगची वरची आणि लहान विंगची खालची मर्यादा यांत किमान चार-पाच नॉटांचा सामायिक भाग असेल, तर वारा बदलणाऱ्या दिवशीही निवड चुकत नाही. हा भाग दहा नॉटांहून मोठा असेल तर मधले एखादे माप अनावश्यक आहे.

नोंदीवर तारीख जरूर लिहावी. कापड उन्हाने आणि फडफडण्याने हळूहळू ताणले जाते आणि वक्र खोल होत जातो. सैल कापड धड हलक्या वाऱ्यात तडफ दाखवत नाही, धड जोराच्या वाऱ्यात ताब्यात राहत नाही, म्हणून जुन्या विंगची रेंज दोन्ही बाजूंनी आत सरकते. दोन हंगामांनंतर त्याच फॉइलवर आणि त्याच दाबाला पुन्हा दहा प्रयत्न करून पाहावेत आणि नवा आकडा जुन्याच्या खाली लिहावा.